बदामाखालची जागा

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.४०

आज झेंडावंदनानंतर विल्यारूस मॅडमनी जाहीर केलं. पार्किंगच्या ड्रेनेजचं काम मंजूर. समन्वयक, श्री. एलेउतेरियो पाबालान. म्हणजे मी.

मॅडम आमच्या विमानतळाच्या मॅनेजर. नाव घेण्याआधी त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली. पहिल्या रांगेत मी एकटाच होतो, पण थांबवली हे खरं.

सान अमारो विमानतळाचं पार्किंग १९७४ सालचं. भातखाचरावर भराव टाकून केलेलं. खाचराला ते अजून कळलेलं नाही. जून लागला की एफ रांगेत गुडघाभर पाणी. माणसं विमानातून उतरतात आणि बूट हातात घेऊन गाडीपर्यंत जातात. तिकीट-खिडकीतली नेलिया सुमागायसाय पाय स्टुलावर घेऊन पावत्या फाडते. ती इथे एकवीस वर्षं आहे. मी नऊ. नऊच्या नऊ वर्षं पार्किंगचा ‘प्रभारी पर्यवेक्षक’. हे काम तडीस गेलं की ‘प्रभारी’ गळणार. हेड ऑफिसला दुसरं कारणच उरणार नाही.

आजपासून रोज पाचला उठायचं. भात एकदाच घ्यायचा. काम जूनच्या आत संपवायचं. आणि ही वही रोज लिहायची, कारण मोठ्या कामांची नोंद नंतर सापडत नाही.

४ मार्च

उठलो ७.२०. शरीराला एकदम सवय लावणं धोक्याचं असतं असं कुठेतरी वाचलं आहे.

१० मार्च, सोमवार

कंत्राटदाराची इंजिनियर आली. हेचानोवा. वय तीस-एकतीस, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. कोरड्या मार्चमध्ये रबरी बूट.

तिने सगळं पार्किंग पायी फिरून पाहिलं. झाकणं उघडली. एका चेंबरमध्ये अर्धी आत उतरली. वर आल्यावर म्हणाली, सगळ्या पार्किंगचं पाणी शेवटी एकाच जुन्या पाइपातून कुंपणामागच्या ओढ्यात जातं. पाइप दीड फुटी, त्यातही अर्धा गाळ. आधी तिथे खणून चार फुटी मोरी टाकू, मग खालून वर येऊ.

पाइप कुठे आहे, मी विचारलं. तिने बोट दाखवलं. जंगली बदामाच्या झाडाखाली.

मी तिला शांतपणे समजावलं. पाणी वरून खाली जातं, तेव्हा कामही वरून खाली जायला हवं. मी इंजिनियरिंग केलं आहे.

तिने विचारलं, कितव्या वर्षापर्यंत. म्हटलं, दुसऱ्या. दुसरं पूर्ण का, तिने विचारलं. म्हटलं, घरची परिस्थिती.

१२ मार्च

बदामाखालच्या जागेबद्दल एकदा स्पष्ट लिहून ठेवतो, म्हणजे मनात गोंधळ राहणार नाही.

ती जागा माझी आहे. नऊ वर्षं. ‘राखीव: पर्यवेक्षक’ हा बोर्ड मी स्वतःच्या हाताने रंगवला आहे (‘प्रभारी’ मावत नव्हतं). अख्ख्या पार्किंगमध्ये सावली तेवढीच. माझी गाडी जुनी, मोतिया रंगाची. दर रविवारी मी तिला मेण लावतो. उन्हात हा रंग दोन वर्षांत पिवळा पडतो.

पण याचा इथे काही संबंध नाही. तिथे आधी खणू नये याची कारणं तांत्रिक आहेत. झाडाची मुळं सगळीकडे पसरलेली असणार. झाड जुनं आहे, पर्यावरणाचा प्रश्न येतो. शिवाय प्रवाशाला पहिल्यांदा दिसतो तो पुढचा भाग, मागचा ओढा कोण बघायला जातो.

जेवताना बायकोला, सोरिंगला, ही सगळी कारणं सांगितली. ती माशाचे काटे काढत होती. म्हणाली, तेरोय, यात कुठेतरी पाणी मुरतंय. मी म्हटलं, पाणी मुरावं हाच तर उद्देश आहे. ती म्हणाली, तुला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तिला तांत्रिक विषयांत रस नाही.

भात दोनदा घेतला. चर्चेमुळे.

१७ मार्च, सोमवार

मिटिंग जिंकली.

मी मॅडमना म्हटलं, जूनमध्ये हेड ऑफिसची माणसं तपासणीला येणार. ती गाडीतून उतरतात कुठे? पुढे. त्यांना नवीन काम दिसलं पाहिजे कुठे? मॅडम म्हणाल्या, मुद्दा आहे. हेचानोवा म्हणाली, मॅडम, बाटलीला बूच लावून वरून नरसाळं मोठं करण्यासारखं आहे हे. मी म्हटलं, बूच फेज टूमध्ये काढू. ‘फेज टू’ हा शब्द मिटिंगमध्ये चांगला चालतो.

नंतर हेचानोवाने एक कागद पुढे केला. ‘वरच्या बाजूने सुरुवात, समन्वयकांच्या सूचनेनुसार.’ सही मागितली. नऊ वर्षांत इतक्या आदराने माझी सही कुणी मागितली नव्हती. दोन केल्या.

नेलियाला खिडकीशी जाऊन सांगितलं. ती नोटा मोजत होती. म्हणाली, सर, खालचं तोंड तेवढंच ठेवून वरून जास्त पाणी सोडलं तर ते जाणार कुठे? फेज टू, मी म्हटलं. ती म्हणाली, पाऊस पण फेजमध्ये येणार आहे का?

तिच्या वागणुकीबद्दल एकदा बोलायला हवं.

१६ एप्रिल, बुधवार

काम वेगात. पुढचं सगळं खणलं आहे. उद्यापासून पवित्र आठवड्याची सुट्टी, म्हणून मजूर गावी गेले आहेत. एक आठवडा खड्ड्यांवर फळ्या. एका बाईंची बॅग खड्ड्यात गेली. वर काढल्यावर त्या मला बरंच बोलल्या. मी त्यांना फेज वन समजावली.

पाचला उठणं ईस्टरनंतर.

९ मे

फ्लेक्स लागला. ‘आपले पार्किंग कोरडे होत आहे’, खाली माझा फोटो. मॅडमचा फोटो मोठा, मेयरसाहेबांचा त्याहून मोठा, त्यांचा कामाशी संबंध नसला तरी पद्धत आहे. छापणाऱ्याने दोरीचं भोक नेमकं माझ्या कपाळात पाडलं. लांबून दिसत नाही. जवळून टिकली लावल्यासारखं दिसतं.

मांग गोर्यो, म्हणजे आमचा गोर्योकाका, तिथे उभा राहून बराच वेळ बघत होता. हा म्हातारा व्हॅन-ड्रायव्हर गेली तीस वर्षं प्रवासी नेतो-आणतो. म्हणाला, बॉस, फ्लेक्स जरा वर बांधा. म्हटलं, का? म्हणाला, तुमचा फोटो तळाला आहे, पाण्यात जाईल.

अशा लोकांना प्रगती बघवत नाही.

२८ मे

लोखंडी जाळ्या बसल्या. देखण्या. बॅगांची चाकं जाळीत अडकतात अशी तक्रार आली. आज मी स्वतः उभं राहून पाहिलं. एका तासात चौदा प्रवासी थांबले, वाकले आणि जाळीकडे लक्षपूर्वक बघत राहिले. इतकं लक्ष या पार्किंगकडे आजवर कुणी दिलं नव्हतं. ‘बॅग उचलून न्या’ असा बोर्ड लावला.

६ जून, शुक्रवार

तपासणी आणि उद्घाटन एकाच दिवशी. पाद्रीबाबांनी नव्या गटारावर पवित्र पाणी शिंपडलं. ते क्षणात वाहून गेलं. एक थेंब साचला नाही. मी हेड ऑफिसच्या साहेबांच्या ते लगेच नजरेस आणून दिलं. ही आमची चाचणीच झाली म्हणायची.

साहेबांना ‘प्रभारी’बद्दल विचारलं. ते म्हणाले, बघू. त्यांनी ‘नाही’ म्हटलं नाही.

मॅडमनी डुक्कर भाजून आणवलं होतं. भाताचं मोजलं नाही. शुभ दिवस.

२४ जून, मंगळवार. दुपारी ३.१५

पहिला बऱ्यापैकी पाऊस. घड्याळ लावून पाहिलं. पुढचा भाग चार मिनिटांत कोरडा. चार. नेलियाला म्हटलं, पाय खाली ठेव आता. तिने ठेवले. म्हणाली, सर, छान झालं, पण मागे एकदा बघून या.

मागे गेलो. बदामाखालच्या चेंबरमधून पाणी बुडबुडत वर येत होतं. माझ्या गाडीच्या चाकाच्या मध्यापर्यंत. हे साचलेलं म्हणता येणार नाही. थांबलेलं होतं. तासाभराने गेलं.

हेचानोवाचा फोन. तिला कुणी सांगितलं देव जाणे. म्हणाली, दोन आठवडे कोरडे दिसताहेत, खालची मोरी आत्ता टाकू, फक्त ती जागा मोकळी करून द्या. मी म्हटलं, वादळांचा मोसम जाऊ दे, ओल्या मातीत मुळांना इजा होते. ती म्हणाली, सर, तुम्ही गाडी चार हात पलीकडे लावाल का, एवढंच विचारते आहे. मी म्हटलं, प्रश्न गाडीचा नाही. ती म्हणाली, बरं.

तिला पटलं असावं.

१५ जुलै, मंगळवार

वादळ येतंय. रेडिओवर सिग्नल एक, उद्या दोन होईल म्हणतात. दर वर्षी अशा वेळी सगळे आपापल्या गाड्या कार्गो शेडच्या चढावर नेऊन लावतात आणि पार्किंग ओस पडतं. यंदा ही लाजिरवाणी प्रथा बंद. मेमो काढला:

‘नवीन ड्रेनेज कार्यान्वित झाल्याने कोणीही वाहन हलवण्याची आवश्यकता नाही. हुकुमावरून.’

प्रत्येकाच्या हातात दिला. सगळ्यांनी वाचून खाली सही केली. कुणी एक शब्द बोललं नाही. विश्वास एका दिवसात तयार होत नाही, पण झाला की असा दिसतो.

१६ जुलै, बुधवार

सकाळी ८.३०. सिग्नल दोन. मांग गोर्योची व्हॅन जागेवर नाही. म्हणाला, बॉस, नातीचा वाढदिवस, व्हॅन तिकडे दिली आहे. नात कुठे राहते? जरा उंचावर, म्हणाला.

९.१०. मॅडमची ऑफिसची गाडी सर्व्हिसिंगला गेली.

१०.००. नेलियाची स्कूटर दिराने मागून नेली. त्याचं स्वतःचं काही वाहन नाही, वाईट वाटलं.

११.४५. तिकीट काउंटरवरची सात जणं गाड्या घेऊन गेली. सातही गाड्यांना पाद्रीबाबांचा आशीर्वाद घ्यायचा आहे. एका दिवशी सात. सान अमारोत भक्ती वाढते आहे.

दुपारी २.००. बॅगेज विभागाच्या चार गाड्यांचे ब्रेक खराब. चारही चालवत नेल्या. हे धोक्याचं आहे, त्यांच्याशी बोलायला हवं.

३.३०. पार्किंग जवळजवळ रिकामं. वादळामुळे प्रवासी कमी, शिवाय ज्याच्या त्याच्या घरगुती अडचणी. एका अर्थी बरं, जाळ्या एका नजरेत दिसतात.

नेलिया खिडकी बंद करून माझ्याकडे आली. म्हणाली, सर, तुमच्या गाडीला पण आशीर्वाद घेऊन आणा. म्हटलं, घेतला आहे, २०१६ साली. ती म्हणाली, नऊ वर्षं झाली, उतरला असेल. चावी द्या, मी नेते आणि उद्या आणून देते. मी हसलो. म्हटलं, नेलिया, मेमो काढणाऱ्यानेच गाडी हलवली तर लोक काय म्हणतील? ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, सर, लोक काही म्हणणार नाहीत. द्या.

दिली नाही. पण तिची भावना आवडली. वागणुकीबद्दलचं बोलणं रद्द.

१७ जुलै, गुरुवार

सकाळी ९.१५. जोरात सुरू. पुढचा भाग उत्तम.

९.३५. पुढचा भाग उत्तमच. नव्या गटारांतून पाणी गर्जना करत जातंय. इतकं पाणी इतक्या वेगाने मागे नेणारं ड्रेनेज या प्रांतात दुसरं नसेल.

९.५०. मागे.

१०.०५. मागच्या चेंबरवरची लोखंडी जाळी आपोआप उचलली गेली आणि उभी राहिली. खालून कुणीतरी ढकलावी तशी.

(यापुढचं घरी येऊन लिहितो आहे. दुपारचे ४.)

गाडी काढायला गेलो. बूट हातात घेतले, का ते माहीत नाही. बदामापर्यंत पोचलो तेव्हा पाणी मांडीला होतं. दार उघडेना. आत दिवे लागले होते आणि वायपर आपोआप सुरू झाले होते. गाडी पाण्यात उभी राहून स्वतःची काच पुसत होती.

मी दार ओढत राहिलो. एक पाय खाली गेला आणि टेकलाच नाही. तिथे ते उघडं चेंबर होतं. पाणी चेंबरमधून वर येत होतं म्हणून मी आत ओढला गेलो नाही, असं हेचानोवा नंतर म्हणाली. त्या वेळी मला एवढंच कळलं की पायाखाली जमीन नाही आणि हातात आरसा आहे. आरसा तुटला.

तेवढ्यात कुणीतरी कॉलर धरली. मांग गोर्यो. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक बॅगेजच्या चौघांच्या हातात. ज्यांचे ब्रेक खराब होते ते. मी म्हटलं, गाडी. तो म्हणाला, बॉस, गाडी मरू दे, हात द्या. मी पुन्हा म्हटलं, गाडी. मग त्याने मला एक शिवी दिली. ती इथे लिहीत नाही. हात दिला.

त्यांनी मला ओढत कार्गो शेडच्या चढावर आणलं. तिथे सगळ्या गाड्या होत्या. व्हॅन, स्कूटर, मॅडमची गाडी, आशीर्वादाच्या सातही. साठेक असतील, रांगेत, पुढची गाडी कधीही निघेल असं अंतर ठेवून. प्रत्येकीच्या काचेवर नंबराची चिठ्ठी, नेलियाच्या अक्षरात. नऊ वर्षांत मला इतक्या नीट कधी लावता आल्या नाहीत.

एका रांगेत एक जागा मोकळी होती. तिथे वीट ठेवून त्यावर चिठ्ठी, ‘पाबालान सर’.

नेलियाने टॉवेल दिला. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, सर, तुम्ही इतके खुश होता.

२१ जुलै, सोमवार

मिटिंग. मला वाटलं, हेचानोवा तो सह्यांचा कागद काढणार. उत्तर तयार ठेवलं होतं, अतिवृष्टी, शंभर वर्षांतून एकदा वगैरे. तिने कागद काढला नाही. म्हणाली, जागा मोकळी झाली की तीन आठवड्यांत मोरी टाकते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, मोकळीच आहे आता.

नंतर मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. गाड्यांचं सगळं आता नेलिया बघेल, प्रभारी म्हणून. म्हटलं, मग मी? त्या म्हणाल्या, तुम्ही समन्वयकच राहा, कायम. ‘कायम’ हा शब्द त्यांनी स्वतः वापरला.

मेकॅनिकचा फोन. डिकीत मासा सापडला, जिवंत आहे, ठेवायचा का? गाडीबद्दल विचारलं तर म्हणाला, मासा बरा आहे.

७ ऑगस्ट

बदामाखाली खणलं. मी सकाळी साडेसहालाच पोचलो. जीपनी, म्हणजे इथली शेअर जीप, त्या वेळी लगेच मिळते.

मुळं आडवी आली नाहीत. सगळी दुसऱ्या बाजूला होती, ओढ्याकडे. हेचानोवाने खड्ड्यातून वर बघून विचारलं, सर, मुळं कुठली म्हणत होतात? मी म्हटलं, असतील खोल. तिने वर येऊन हात झटकले. मला लाल झेंडा दिला आणि फाटकाशी उभं केलं, ट्रक मागे घेताना. दिवसभर उभा होतो. एकही ट्रक कुठे घासला नाही.

‘राखीव’ बोर्ड मजुरांनी काँक्रीट कालवायला खाली घेतला. उलट्या बाजूने.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

दोन तास मुसळधार. मागे जाऊन छत्री घेऊन उभा राहिलो. घोट्याइतकंही पाणी नाही. मोरीच्या तोंडाशी ओढा भरून वाहत होता, पण इकडे काही नाही. मांग गोर्यो व्हॅनमध्ये पाय वर करून झोपला होता. त्याला उठवून दाखवावंसं वाटलं. उठवलं नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ७

फेज टूचं उद्घाटन झालं. खिशात चार पानांचं भाषण होतं. कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव नव्हतं, पण ऐनवेळी बोलावतात कधीकधी.

बोलावलं नाही. मॅडम बोलल्या, मेयरसाहेब बरंच बोलले. मग हेचानोवा उठली. तिने मजुरांची नावं एकेक करून घेतली, बाविसांची, कागद न बघता. नेलियाचे आभार मानले, मांग गोर्योचे मानले. शेवटी म्हणाली, आणि श्री. पाबालान, यांनी आपली पार्किंगची जागा सोडली.

टाळ्या पडल्या. बऱ्याच. मी वळून पाहिलं, कोण हसतंय ते. कुणीही हसत नव्हतं. मांग गोर्यो हात डोक्याच्या वर नेऊन वाजवत होता. मी उठून थोडा वाकलो आणि खाली बसलो.

घरी सोरिंगने विचारलं, नाव घेतलं का तुझं? घेतलं, म्हटलं. कशाबद्दल? मी म्हटलं, ड्रेनेजबद्दल. ती म्हणाली, बघ, कष्टाचं कुणीतरी पाहतंच, आणि माझ्यासाठी पान्सितच्या शेवया गरम करायला गेली. मी वही उघडली.

ही वही कुणी वाचत नाही, म्हणून इथे लिहितो. मी जागा सोडली नव्हती. माझी गाडी बुडाल्यावर ती उरली. मार्चमध्ये त्या मुलीने बोट दाखवलं होतं, तेव्हाच द्यायला हवी होती.